बाविसावा कागद

३ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बसून घे. जवळ सासूबाई असतील तर त्यांना आधी चहा दे आणि मगच पुढचं वाचून दाखव. माझ्या हातून एक उपद्व्याप झाला आहे आणि तो तुझ्या अंगाशी येणार आहे.

तुला ठाऊक आहे, पक्षाच्या मुख्य कार्यालयात मी एकोणीस वर्षं निवड समितीचा कारकून आहे. कुणाला तिकीट द्यायचं ते पाच माणसं ठरवतात आणि त्यांनी ठरवलेलं मी सुवाच्य अक्षरात लिहून काढतो. यंदा पक्षाने नवा नियम केला. सगळ्या शहर परिषदांच्या निवडणुकांत दर तीन उमेदवारांत एक बाई हवी. त्यातही पुढाऱ्यांच्याच बायका-बहिणी नकोत. कामकरी घरातल्या, शरीरात काही उणं असलेल्या, आजवर ज्यांना कुणी विचारलंच नाही अशा बायका हव्यात. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळ्या थांबल्यावर सगळे माझ्याकडे वळले आणि अशा बायका सापडतात कुठे, असं मलाच विचारू लागले.

माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाने आहेत. स्त्री, कामगार, अपंगत्व, पहिलीच वेळ. तुमच्या शहरातल्या नदीकाठच्या प्रभागापुढे चारही रकाने कोरे होते आणि मुदत संपत आली होती. तुझा प्रभाग तोच. मी तुझं नाव घातलं. एका नावात चार रकाने भरलेले पाहून समितीला भरून आलं.

मुलाखत अकरा तारखेला आहे. तू ये. नाही म्हणायचं असेल तरी येऊन म्हण, म्हणजे माझी लाज राहील. खरं सांगायचं तर मला वाटतं की तू हो म्हणावंस. बाबा असते तर त्यांनी तुझं नाव छापलेला कागद घडी करून खिशात ठेवला असता.

रागावलीस तरी पत्राने रागव, मुक्याने नको.

तुझा
दादा
३-१

*

६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला दुसरं कुणी मिळालं नाही का रे? जगात बायकांचा दुष्काळ पडला? इस्पितळाच्या धुलाईत चौतीस जणी आहोत, त्यांतली कुठलीही माझ्यापेक्षा बरं बोलते. चार माणसं समोर दिसली की माझी दातखीळ बसते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत माझी कविता तूच माझ्या मागे उभा राहून म्हटली होतीस.

आणि "अपंगत्व" हा रकाना वाचून मी डावा हात उलटासुलटा करून बघितला. चादरी दाबायच्या वाफेच्या रुळात दोन बोटं गेली त्याला आता अकरा वर्षं झाली. तीन बोटांनी मी दिवसाला सहाशे चादरींच्या घड्या घालते. माझ्या हातात काही उणं आहे हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हिला निवडून कोण देणार, ही तर भाजीच्या यादीवरसुद्धा आधी तारीख घालते आणि खाली सही करते. आता त्यांना काय सांगू? बाबा टपालात शिक्के मारायचे म्हणून आपल्या दोघांना ही खोड लागली. सही केली की तिची शेपटी उजवीकडे ओढायची आणि तिच्याखाली बारीक आकड्यांत त्या दिवसाची तारीख घालायची. बाबा म्हणायचे, सहीवरून हात उचलण्याआधी तारीख पडली पाहिजे. न घातल्यास हातावर पट्टी बसायची. आता घालायची नाही म्हटलं तरी हात ऐकत नाही.

एक गोष्ट मात्र मनात घोळते. इस्पितळातला बाळंतिणींचा वॉर्ड रिकामाच असतो, म्हणून तो शहराबाहेर हलवणार, अशी कुजबुज आहे. रिकामा कसला? त्या वॉर्डाच्या चादरींना निळी दोरी असते. दिवसाला चाळीस निळ्या दोऱ्या माझ्या हाताखालून जातात. हे कुणाला तरी सांगायला हवं, असं वाटतं.

अकराला येते. नाही म्हणायलाच येते.

भावावरची माया आहे तेवढीच आहे, राग तिच्यावर बसलाय इतकंच.

तुझी
मुंगी
६-१

*

१३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू त्याच खोलीत होतास. कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून लिहीत होतास. मी तुझ्याकडे तीनदा बघितलं, तू एकदाही वर बघितलं नाहीस. म्हणून काय झालं ते तुला लिहून कळवते, जणू तू नव्हतासच.

पाच खुर्च्या, पाच जण, समोर सहावी खुर्ची माझी. एकाने विचारलं की घर कोण बघेल. दुसऱ्याने विचारलं की सभेत रडायला आलं तर काय करणार. सगळ्यात म्हातारे होते त्यांनी तेवढं बरं विचारलं, की तुमच्या प्रभागात काय कमी आहे. मी तोंड उघडते तोच शेजारच्यांनी उत्तर देऊन टाकलं की तिथे सगळं आहे, फक्त विकास नाही. मग फोटोवाला आला आणि डावा हात जरा वर धरा म्हणाला. मी धरला. दादा, तो हात मी अजून खाली ठेवलेला नाही असं वाटतं.

उत्तर देणारे ते उपाध्यक्ष, इमारती बांधतात ते. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं. मी त्यांना मनात मऊसाहेब असं नाव ठेवलंय. दारापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, तुम्ही फार बोलत नाही हे आम्हाला आवडलं. मग विचारलं की सासूबाईंची कंबर कशी आहे आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडचा मलम लागू पडतो का.

मी त्यांना सासूबाईंबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. तूही सांगितला नसशील.

मी नाही म्हणायला आले होते आणि नाही म्हणायचं राहूनच गेलं. बाहेर आल्यावर कळलं की मला तिकीट मिळालंय.

पुढच्या वेळी वर बघत जा रे.

तुझी
मुंगी
१३-१

*

२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक. फोन करू नकोस, तुमच्या कार्यालयातला फोन सगळ्यांचा आहे.

काल अर्ज भरण्याआधी आम्हा नव्या नियमातून आलेल्या बायकांना एका खोलीत बसवलं. निरनिराळ्या शहरांतल्या मिळून बावीस जणी होतो. प्रत्येकीपुढे एक कोरा कागद, एक पेन आणि एक नमुना. नमुन्यावरून स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं, की घरगुती अडचणींमुळे मी माझ्या परिषद सदस्यत्वाचा राजीनामा स्वखुशीने देत आहे, तो मंजूर व्हावा. मऊसाहेब सगळ्यांमधून फिरत होते. तारखेची जागा कोरी ठेवा, ती गरज पडली तर आम्ही घालू, असं प्रत्येकीला सांगत होते. नुसती शिस्त म्हणून हा कागद असतो म्हणाले. एका बाईने विचारलं की पुरुष उमेदवारांनी कधी लिहून दिला, तर हसले आणि पुढे गेले.

निवडून यायच्या आधीच राजीनामा! बावीस जणींतल्या एकीनेही पेन खाली ठेवलं नाही. मीही नाही.

नमुना तुझा आहे, हे मी पहिल्याच वाचनात ओळखलं. "मंजूर व्हावा ही नम्र अपेक्षा" असं जगात फक्त तूच लिहितोस. त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही.

आता खरं संकट. मी वरची तारखेची जागा कोरी ठेवली. सही केली. मऊसाहेबांनी वरची जागा बघितली, मान डोलावली आणि कागद पाकिटात घातला. घरी येऊन धुतलेली भांडी पुसताना एकदम आठवलं. मी सहीची शेपटी ओढली होती. आणि हात उचलण्याआधी शेपटीखाली बारीक आकडे घातले होते, १-२. भीतीने डोकं चालत नव्हतं, हाताने आपलं नेहमीचं काम करून टाकलं.

त्यांना कळलं तर म्हणतील की मुद्दाम केलं, फसवलं. ती माणसं काय करतील? मला तिकीट नको, काही नको, पण हे गेल्यापासून सासूबाईंना माझ्याशिवाय कुणी नाही, त्यांना घेऊन जाऊ कुठे? सांग, मी काय करू?

तुझी
मुंगी
२-२

*

५ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ती बावीस पाकिटंही माझ्याकडे आली. ती माझ्या मागच्या लोखंडी कपाटात राहतात आणि किल्ली माझ्याकडे असते. एकेक कागद उघडून तपासायचं कामही माझंच. तुझा बाविसावा होता. आकडे आहेत. ज्याला आपली खोड माहीत नाही त्याला ते सहीचं वळण वाटेल. ज्याने नीट बघितलं त्याला स्वच्छ दिसतील.

माझं ऐक, हातपाय गाळू नकोस. शनिवारी सकाळी ये. सगळे प्रचारात असतील, कार्यालय रिकामं असेल. मी कोरा कागद काढून ठेवतो. तू पुन्हा लिहून दे, या वेळी शेपटी न ओढता. जुना मी जाळतो. कुणाला काही कळणार नाही.

नमुन्याबद्दल तू लिहिलं नाहीस, पण न लिहिलेलं मला वाचता येतं. मला मसुदा कर म्हणाले, मी केला. आजवर तेच करत आलो. मऊसाहेबांना तू ओळखत नाहीस. त्यांना नाही म्हटलेली माणसं मी पाहिली आहेत आणि ती नंतर कुठे गेली हे मी विचारलेलं नाही. मला भीती वाटते, मुंगे. माझ्या नोकरीची वाटते आणि तुझ्या जिवाचीही, आणि कुठली आधी वाटते ते मला सांगता येत नाही.

शनिवारी ये. एवढं मोठ्या भावाचं ऐक.

तुझा
दादा
५-२

*

८ फेब्रुवारी

मुंगीच्या दादांस,
अनेक आशीर्वाद.

मी कुणाची पत्रं फोडत नाही. तुमचं फोडलं. सून कामावर गेली होती आणि पाकिटावरचं तुमचं अक्षर थरथरलेलं दिसलं. तीस वर्षं मी गणवेश शिवले आहेत, शिवणाऱ्याचा हात कुठे कापला ते मला टाक्यावरून कळतं.

ती तुम्हाला सगळं लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर चार दिवस एक माणूस बसलेला असतो. विकत घेत नाही, विकत नाही. ती कामाला निघाली की उठतो आणि इस्पितळाच्या फाटकापर्यंत मागे जातो. काल मी पायऱ्या उतरून गेले आणि त्याला विचारलं की कुणाची वाट बघतोस. त्याने माझ्या कंबरेची चौकशी केली आणि एवढ्या पायऱ्या उतरत जाऊ नका म्हणाला. परत चढताना मला तीनदा बसावं लागलं.

सून आल्यावर तिला म्हटलं, सोड हे. ती म्हणाली, सोडला तर तो माणूस उठेल का? सुरुवातीला मीच तिची थट्टा केली होती, हे मी विसरलेले नाही.

आता तुमच्याबद्दल. बहिणीचं नाव तक्त्यात घालताना तुम्ही तिला विचारलं नाहीत. तिला लिहायला लावलेला कागद तुम्हीच रचलात. आणि आता तिच्या हातून चुकून एक गोष्ट नीट झाली आहे, तर तीही तिने आपल्या हाताने मोडावी म्हणता. शनिवारी ती येणार नाही. मी तिला हे पत्र दाखवलेलंच नाही. तुमच्या वडिलांनी तुमच्या हातावर मारलेल्या पट्ट्या वाया गेल्या असं मला वाटू देऊ नका.

रागाने लिहिलं तरी आपलेपणाने वाचावं.

तुमच्या बहिणीच्या सासूबाई

*

११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

मधे एक पत्र पाठवलं होतं, ते पोचलं नसेल तर बरंच झालं. तू कुठेही यायचं नाहीस. कागद तपासला, बाकीच्या एकवीस कागदांबरोबर ठेवला, कपाटाला कुलूप लावलं. तपासणीच्या वहीत शेरा लिहिला, "वरील जागा कोरी." ते खोटं नाही.

तेव्हापासून कुणी मागच्या कपाटाजवळून गेलं की माझं पेन थांबतं. त्याची सवय होईल.

सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. पट्ट्या आठवल्या म्हणावं.

तुझा
दादा
११-२

*

२४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन मार्चला निवडून आले त्याचं तुझं अभिनंदनाचं पत्र उशीखाली आहे. सासूबाईंनी माझ्यासाठी गडद निळा कोट शिवलाय. डावी बाही मुद्दाम आखूड ठेवली. म्हणाल्या, हात लपवायचा नाही आणि दाखवायचाही नाही, वापरायचा.

परिषदेत माझी खुर्ची खांबामागे आहे. तिथून अध्यक्ष दिसत नाहीत, फक्त चिटणीस दिसतात. ते परिषदेचे नोकर आहेत, कुठल्याच पक्षाचे नाहीत. जाड भिंगाचा चष्मा लावतात आणि प्रत्येक कागद नाकाला लावून वाचतात. त्यांच्याकडे बघून मला बाबा आठवतात.

आता ऐक. कुजबुज खरी निघाली. बाळंतिणींचा वॉर्ड शहराबाहेर हलवायचा आणि त्या जागी दुकानं बांधायची, असा ठराव नऊ एप्रिलला येतोय. बांधणारे कोण, ते सांगायला नको. आपल्या पक्षाचे अकरा जण, समोरचे दहा. माझं एक मत फिरलं तर ठराव पडतो.

परवा मऊसाहेब स्वतः धुलाईत आले. यंत्रांचा एवढा आवाज, तरी ते हळूच बोलत होते, म्हणून मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला. म्हणाले, तुमचा एक कागद आमच्याकडे सुरक्षित आहे, काळजी करू नका. जाताना फिरत्या रुळाकडे बघितलं आणि विचारलं की हाच का तो. मी मान हलवली. म्हणाले, जपून काम करत जा.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने मला पुन्हा त्याच रुळावर लावलं. अकरा वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. दिवसभर डाव्या हाताची मूठ वळलेलीच राहिली.

बाळंतिणींच्या निळ्या दोऱ्या मी अजून बघते, काल त्रेचाळीस होत्या. मत कुठल्या बाजूने देऊ ते तुला विचारत नाही. फक्त एवढं सांग, तो कागद मला बाहेर काढू शकतो का?

तुझी घाबरट
मुंगी
२४-३

*

२८ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुला खरं उत्तर द्यायचं तर आधी एक जुनी गोष्ट कबूल करायला हवी.

तुमच्या शहराच्या मागच्या परिषदेत आपल्या पक्षाची एकच बाई होती. शाळेत शिकवायची. नियम वगैरे तेव्हा नव्हता, पण मऊसाहेबांनी तिच्याकडून असाच कागद लिहून घेतला होता, तो पहिला. एका ठरावावर तिने आपल्या मनाने मत दिलं. दुसऱ्या दिवशी मला कपाट उघडायला सांगितलं. कोऱ्या जागेत तारीख कुणी घातली? मी घातली. सुवाच्य अक्षरात. आपण राजीनामा दिला हे त्या बाईला सकाळच्या वर्तमानपत्रातून कळलं. ती कार्यालयात आली, माझ्या टेबलापुढे उभी राहिली आणि विचारलं की हे अक्षर कुणाचं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. तुझ्या मुलाखतीच्या दिवशी मान वर का झाली नाही, ते आता तुला कळेल.

नवा नियम आला तेव्हा मला आनंद झाला होता, खोटं नाही सांगत. वाटलं, एकीला घालवता येतं, बावीस जणींना कसं घालवतील? त्यांनी बावीस कागद घेतले. टाळ्या वाजवतानाच त्यांना हे सुचलं असणार.

तुझ्या कागदाचं म्हणशील तर नियम मी वाचून बघितला. जे पद मिळालेलंच नाही त्याचा राजीनामा देता येत नाही. सहीखालची तारीख निवडणुकीच्या आधीची आहे. ती कुणी वाचली तर कागद रद्दी आहे. पण वाचायला हवी. चिटणिसांनी वरची तारीख बघून शिक्का मारला तर सगळं संपलं, आणि लोक वरचंच बघतात. शिवाय मऊसाहेबांच्या ती आधी लक्षात आली, तर त्यांना कागदाची गरज राहणार नाही. त्यांच्याकडे इतर उपाय आहेत. तो रूळ उगाच दाखवला नाही त्यांनी.

मत दे किंवा आजारी पड, मी दोन्ही समजून घेईन. पेन माझ्याच हातात देतील, एवढं धरून चाल.

तुझा
दादा
२८-३

*

१२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी सांगते की मी धड आहे. पायरीवरचा माणूसही तिथेच आहे.

नऊ तारखेला सभेत आपल्या पक्षाच्या एकाने सांगितलं की त्या वॉर्डात आठवड्याला जेमतेम दहा बाळंतिणी येतात. मी खांबामागून उठले. वीस डोकी वळली. मग बाहीतून निळ्या दोऱ्यांचा जुडगा काढून मेजावर ठेवला. चार दिवस साठवल्या होत्या. म्हटलं, या एकशे सत्तर आहेत, प्रत्येक दोरी एका चादरीची, चादरी मी स्वतः दाबल्या आहेत. एवढंच बोलता आलं. पुढचं वाक्य पाठ होतं ते विसरले. हात वर करायची वेळ आली तेव्हा विरोधात डावा वर केला. ठराव अकरा विरुद्ध दहा असा पडला.

दुसऱ्याच दिवशी चिटणिसांनी बोलावलं. मऊसाहेब आधीच बसले होते. मेजावर माझा कागद होता आणि वर ठसठशीत अक्षरात १० एप्रिल. तो एक आणि ते शून्य मी कुठेही ओळखले असते. बाबांसारखं शून्य तुझ्याशिवाय कोण काढतं? क्षणभर तुझा इतका राग आला, दादा, की डोळ्यांपुढे अंधारी आली.

चिटणिसांनी विचारलं की सही तुमची का. मी हो म्हटलं. तारीख तुमची का? मी आधी वरचे आकडे बघितले, मग खालचे शोधू लागले. मऊसाहेब मऊ आवाजात म्हणाले की बाई घाबरल्या आहेत. तेव्हा मी बोट ठेवलं. म्हटलं, वरची माझी नाही, माझी खाली आहे, शेपटीखाली. चिटणिसांनी कागद नाकाला लावला. किती वेळ लावला कुणास ठाऊक. मग म्हणाले की सही एक फेब्रुवारीची आहे, तेव्हा या सदस्य नव्हत्या, हा कागद मी घेऊ शकत नाही. आणि वरची तारीख कुणी घातली याचा खुलासा मात्र मला लागेल.

मऊसाहेबांचा चेहरा जराही बदलला नाही. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की हे कपाट सांभाळणाऱ्याने बघायला हवं होतं.

खाली येईपर्यंत राग कुठच्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. माझं आसन राहिलं, आता ते तुझ्याकडे येतील. हे पत्र मिळताच तिथून नीघ. काही आवरत बसू नकोस. सासूबाई म्हणतात, त्यांना सरळ इकडे बोलव, आपण तिघं असलो तर पायऱ्या चढायला सोपं जाईल.

तुझी, तुझीच
मुंगी
१२-४

*

१५ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. लगेच निघालो नाही, त्याबद्दल आल्यावर रागव.

आज मला त्याच खोलीत बोलावलं. पाच खुर्च्या त्यांच्या, सहावी माझी. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीतून खोली कशी दिसते ते पहिल्यांदा पाहिलं. खिडकी समोरच्यांच्या मागे येते, त्यामुळे तोंडं दिसत नाहीत. तुलाही दिसली नसतील.

मऊसाहेबांनी विचारलं की सहीखालचे आकडे तपासताना दिसले नाहीत का. मी सांगितलं की दिसले, पाच फेब्रुवारीलाच दिसले. मग का बोलला नाहीत? मी म्हटलं, मला कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या सभासदांनी डोळे मिटून घेतले. त्यांना या कपाटाचं माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग माझ्यापुढे एक कोरा कागद आला आणि एक नमुना. नमुना माझाच. वर तारीख घालू नका म्हणाले. म्हणजे चिटणिसांनी खुलासा मागितला की ते वर मागची तारीख घालून मी आधीच गेलो म्हणणार आणि सगळ्या खोटेपणाचा धनी मी एकटा होणार. मी वर तारीख घातली, पंधरा एप्रिल. खाली सही केली, शेपटी ओढली आणि तिच्याखाली पुन्हा १५-४. कागद उचलल्यावर मऊसाहेबांनी या वेळी आधी सहीखाली बघितलं.

आता काल दिवसभर काय केलं ते सांगतो. तुझं पत्र वाचलं, कपाट उघडलं आणि एकवीस पाकिटं पिशवीत घातली. जेवणाच्या सुट्टीत टपालात जाऊन बसलो. प्रत्येकीचा पत्ता माझ्या तक्त्यात होताच. एकेक कागद जिच्या तिच्या नावाने नव्या पाकिटात घातला आणि सोबत एक ओळ लिहिली, की हा तुमचा आहे, जवळ ठेवा किंवा फाडा. खाली माझी सही, तारखेसकट. बाविसावं पत्र त्या शिक्षिकेला लिहिलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मावलं. खिडकीतल्या माणसाने बावीस शिक्के मारले आणि मला बाबांच्या हाताचा आवाज आठवला. चिटणिसांचा खुलासा उरलाय, तो मी तुझ्या घरून लिहीन.

आज निघताना किल्ली मेजावर ठेवली. कपाटाला कुलूप आहे. त्यांनी ते अजून उघडलेलं नाही. केव्हा उघडतील सांगता येत नाही, तोवर ती पाकिटं पोचावीत एवढंच मनात म्हणत बसलोय. जिन्यात पाऊल वाजलं की लिहिणं थांबतं, म्हणून अक्षर असं झालं आहे.

हे पत्र आधी पोचावं म्हणून परवा सकाळच्या गाडीने निघतो, दुपारी पोचेन. सामान एकच पेटी आहे. सासूबाईंना म्हणावं, जेवायला एक पान वाढलं तरी त्यांनी माझ्यावर ओरडत राहावं, मला त्याने धीर येईल. दारावर तीनदा थाप मारीन आणि तुला मुंगी म्हणून हाक मारीन. त्याआधी कुणी कितीही मऊ आवाजात बोललं, तरी कडी काढू नका.

तुझा
दादा
१५-४